सड्याचा षड्ज

रेणू पाच वर्षांची झाली तरी आजोबांच्या हाकेला ओ देत नव्हती, आणि घरातल्या सगळ्यांनी ते पोरीचं हट्टीपण म्हणून सोडून दिलं होतं.

त्या सकाळी अच्युतबुवा मुळ्ये ओटीवर बसून झांजांना चिंच लावत होते. संध्याकाळी रामाच्या देवळात उत्सवाचं कीर्तन होतं. अंगणात रेणू त्यांच्याकडे पाठ करून करवंट्यांत माती भरत होती.

"रेणू, ऊन तापलं. आत ये बाळा."

पोर हलली नाही.

"रेणू!"

करवंटी भरली, उपडी झाली, मातीची ढेप नीट उतरली म्हणून रेणू स्वतःशीच हसली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बुवांची लेक, रेणूची आई शाल्मली म्हणाली, "रेणे, दूध निवतंय गो." ते ऐकलं मात्र, पोर हात झटकत उठली, आजोबांच्या गुडघ्याला हात लावून त्यांच्याकडे गोड बघितलं आणि आत पळाली.

पायरीवर सदू नागवेकर बसला होता. बंदरावरच्या मासळीला बर्फ पुरवणारा कारखाना त्याचा, आणि बुवांच्या मागे पेटी धरायची तीही त्यानेच. "बुवा," तो म्हणाला, "माणसं तुमच्या एका शब्दावर डोळे पुसतात. घरात मात्र तुमचं वजन करवंटीएवढं नाही."

"तुझी सून ऐकते वाटतं तुझं?"

"ऐकते की. करत नाही, ती गोष्ट वेगळी."

बुवा हसले, पण ते हसण्यावारी नेता येईना. कारण हे एकट्या रेणूचं नव्हतं. सड्यावरची लहान पोरं पुरुषमाणसांना जुमानत नाहीत, असं शाळेच्या बाईसुद्धा म्हणायच्या. परवाच विलास गुरवाने आपल्या सोहमला देवळाच्या पायरीवर थोबाडीत मारली होती. बाप हाका मारून थकला आणि पोरगं शांतपणे मुंग्या बघत बसलं होतं. मार बसल्यावर ते रडलंही नाही आधी. नुसतं वळून बघत राहिलं, की हा हात आला कुठून.

आता हा सडा म्हणजे काय, ते सांगायला हवं. समुद्राच्या कड्यावर पसरलेलं जांभ्या दगडाचं सपाट पठार. झाड उभं राहत नाही आणि वारा बसत नाही. पूर्वी वीज खालून तारेने यायची, आणि दर पावसाळ्यात खांब आडवे व्हायचे. एका मोठ्या वादळात ते सगळेच गेले आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. त्याऐवजी आल्या उभ्या पवनचक्क्या. माणसाच्या दुप्पट उंचीच्या, घुसळणीच्या रवीसारख्या उभ्या दांड्याभोवती फिरणाऱ्या. गाव त्यांना रवीच म्हणू लागलं. घरटी एक, दुकानाला एक, देवळाला दोन आणि सदूच्या कारखान्याला एक रांगच्या रांग.

उभ्या चक्कीचा गुण असा, की ती वाऱ्याला दिशा विचारत नाही, कुठूनही आला तरी घुसळते. दुसरा गुण त्याहून मोठा. दोन रव्या शेजारीशेजारी उलटसुलट फिरत एका लयीत चालल्या, तर एकीच्या पात्यांवरून सुटलेला वारा दुसरीला ढकलतो, आणि जोडीने त्या एकेकटीपेक्षा कितीतरी जास्त वीज देतात. म्हणून बसवणाऱ्या कंपनीने सड्यावरच्या साऱ्या रव्या एका यंत्राच्या ताब्यात दिल्या होत्या. वारा वाढो की पडो, ते यंत्र सगळ्यांना एका पावलात चालवायचं.

पण एका पावलात चालायचं म्हणजे एका सुरात गुणगुणायचं. जनित्रातली लोहचुंबकं फिरताना थरथरतात आणि त्या थरथरीचा एक स्वर निघतो. तो टाळता येत नव्हता, पण कुठला असावा हे मात्र ठरवता येत होतं. तेव्हा कंपनीचा तरुण अभियंता देवळातल्या बैठकीत उभा राहिला आणि त्याने विचारलं, "आवाज राहणारच आहे, तर तुम्हाला कोणता आवडेल?"

कुठल्या दुसऱ्या गावाने खांदे उडवले असते. या गावाने बुवांकडे बघितलं. विलास गुरव म्हणाला, "त्यात विचारायचं काय? आमच्या बुवांची काळी एक." म्हणजे पेटीची ती पहिली काळी पट्टी, जिला षड्ज मानून बुवा जन्मभर गायले, त्यांचे वडीलही गायले. अभियंत्याने पेटीवरून स्वर मोजून घेतला. संध्याकाळी सगळ्या रव्या सुरू झाल्या आणि अख्खा सडा एका मोठ्या तानपुऱ्यासारखा लागला. बायकांनी देवापुढे साखर ठेवली. रामरायापुढे अखंड षड्ज लागला, आता देव कधी एकटा नाही, असं सगळ्यांना वाटलं. बुवांचे डोळे भरून आले होते. कुणाचे आले नसते?

पुढे महिनाभरात तो आवाज ऐकू येईनासा झाला. पाहुणे विचारायचे, "हा कसला नाद?" आणि गावकरी म्हणायचे, "कुठे काय?"

त्याला आता सात वर्षं झाली होती.

*

संध्याकाळी देऊळ भरलं. पोरं नेहमीप्रमाणे पुढे, मांडी घालून. बुवांनी नमन केलं, पूर्वरंगात भक्तीचं निरूपण केलं, बुक्का लावून झाला, आणि उत्तररंगात आख्यान लावलं. आख्यानात एक भांडकुदळ सासू होती. बुवांनी पदर डोक्यावर घेतल्यासारखं उपरणं ओढलं आणि बारीक, किरट्या आवाजात ती सुनेवर तुटून पडली. पोरं खदखदून हसली.

मग प्रसंग पालटला. सुनेने देवाला हाक मारली. बुवांनी डोळे मिटले आणि खर्जातून चढत चढत येऊन षड्जावर आवाज ठेवला. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले.

बुवांनी डोळे उघडले. पुढची पोरं एकमेकांत कुजबुजत होती. कुणी सदऱ्याची गुंडी लावत होतं. हे त्यांनी पूर्वीही पाहिलं असेल, पण आज त्यांनी मुद्दाम रेणूकडे बघितलं. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, बंद काचेआडचं माणूस बघावं तशी.

घरी जाताना तिने त्यांचं बोट धरलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही मधेमधे नुसतंच तोंड का हलवता?"

*

डॉ. नीलोफर मुकादम रत्नागिरीला कानांची तज्ज्ञ होती. तिने रेणूला आवाजबंद खोलीत बसवून तपासलं. मग सड्यावर येऊन शाळेतली सगळी पोरं तपासली. त्यानंतर तिने बुवांना आणि शाल्मलीला बोलावून घेतलं. सदूही आला, गाडी त्याची होती.

"कान चांगले आहेत," ती म्हणाली. "पडदा, नस, सगळं. पण ऐकणं कानात होत नाही, मेंदूत होतं. आणि मेंदू काटकसरी आहे. जे कधी थांबत नाही, बदलत नाही, ते तो ऐकायचंच सोडून देतो. तुम्हाला तुमच्या अंगावरचा सदरा जाणवतो का आत्ता? तसंच."

"पण आम्हाला तर बुवांचं गाणं ऐकू येतं," सदू म्हणाला.

"तुमचा मेंदू तयार झाल्यावर आवाज आला. तुमच्या कानात ती जागा आहे, झोपलीय फक्त. तुम्ही उरलेलं आठवणीने भरून काढता. या मुलांच्या जन्मापासून तो स्वर आहे, आणि त्याच्या पोटातले वरचे सगळे स्वरसुद्धा. पहिल्या दोन वर्षांत मेंदू आवाजांची घरं बांधतो. या मुलांनी ते घर बांधलंच नाही."

शाल्मलीने विचारलं, "मग बाबांनी साधी हाक मारली तरी?"

"बाबांचा बोलण्याचा आवाजही त्याच्याच आसपास आहे. बहुतेक पुरुषांचा थोडा वर, थोडा खाली तिथेच असतो. मुलांना बापाचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येतं. समोर असला तर ओठांवरून समजतं. पाठ असेल तर नाही."

बुवांना विलासच्या हातची ती थप्पड आठवली. त्यांनी विचारलं, "रेणूला कधी येईल?"

डॉक्टरने रेणूच्या तपासणीचा कागद मिटून ठेवला. मग म्हणाली, "ती हुशार आहे. निभावून नेईल. पण ते घर आता बांधलं जायचं नाही, काका. तान्ही मुलं आहेत, होणारी आहेत, त्यांचं होऊ शकतं. आवाज थांबला तर."

आवाज थांबणार नव्हता. खालची तार केव्हाच गेली होती. दुसरा कुठला स्वर लावला असता तर पोरांनी तो गमावला असता. मार्ग एकच होता. यंत्राने रव्यांना मोकळं सोडायचं, प्रत्येकीने आपल्या वाऱ्याप्रमाणे फिरायचं, सूर सतत सरकता ठेवायचा, म्हणजे मेंदूला त्याची सवय होणार नाही. मात्र एका पावलात चालणं संपलं की वीज तिसऱ्या हिश्शाने घटणार, आणि सड्यावर सकाळसंध्याकाळ एक हेलकावणारी घरघर राहणार.

"म्हणजे मग पेटी कशाला जुळवायची?" सदू म्हणाला. "जमीनच बेसूर."

उठताना बुवांना वाटलं, त्या बंद खोलीत आपणही एकदा बसावं. डॉक्टरने दार लावून घेतलं. इतकी शांतता त्यांनी सात वर्षांत ऐकली नव्हती. त्यांनी षड्ज लावला. तो त्यांना सापडेना. पुन्हा लावला. बाहेरच्या कर्ण्यातून ऐकणाऱ्या सदूने काचेपलीकडे मान खाली घातली. त्याचा पेटीवर तयार झालेला कान खोटं बोलायला शिकलेला नव्हता. बुवा उतरले होते, चांगले अर्ध्या पट्टीने. गावात सडा त्यांना खांदा देत होता, आणि खांद्यावर हात ठेवून चालणाऱ्याला आपले पाय गेल्याचं कळत नाही.

गेली काही वर्षं बाहेरगावच्या उत्सवांची आमंत्रणं का आटली, ते त्यांना तिथे उमगलं.

*

बर्फाच्या कारखान्यात सदू आणि बुवा बोलायला बसले. टाक्यांवर लाकडी झाकणं, खाली मिठाचं गार पाणी.

"मी आडवा येणार नाही, पण खरं ते बोलतो," सदू म्हणाला. "पोरं शाळेत जातात, कविता म्हणतात, भांडतात. काय अडलंय त्यांचं? तुमचं गाणं येत नाही एवढंच. त्यासाठी गावाची वीज कापायची?"

"माझं गाणं जाऊ दे सदू."

"तेच जाणार आहे, बुवा! तुमच्याच तोंडाने तुम्ही ते घालवणार. आणि माझी एक टाकी. दुपारची मासळी नासेल. खालचे खलाशी मला शिव्या देतील, तुम्हाला नाही."

"सुनेला कितवा महिना चाललाय तुझ्या?"

सदूने झाकणावरचं पाणी हाताने निपटलं.

"तुझा आवाज माझ्यापेक्षा भारदस्त," बुवा म्हणाले. "बरोबर तिथेच बसतो. नातवंड अंगणात खेळत असेल, मागून गाडी येत असेल, तू ओरडशील."

"सुनेला माहेरी पाठवीन. दोन वर्षं राहील तिकडे."

"आणि विलासच्या बायकोने काय करायचं? बंदरावर कामाला जाणाऱ्या पोरींनी? त्यांचं माहेरही याच सड्यावर आहे."

सदूने एका टाकीचं झाकण उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. "गाव ऐकायचं नाही," तो म्हणाला. "लोक त्याला देवाचा सूर म्हणतात. डॉक्टरीण बाई सांगून दमली. विलास काय म्हणाला तिला, ठाऊक आहे? रामाच्या नादाने मुलं बहिरी होत नाहीत म्हणे. ऐकलं तर तुमचंच ऐकतील. तुम्ही नाही बोललात, तर कुणी तुम्हाला विचारायला येणार नाही. गात राहाल शेवटपर्यंत."

हे तो बुवांना दुखवायला बोलला की वाचवायला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बुवा त्या दिवशी देवळात बराच वेळ बसले. रामरायाकडे त्यांनी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, की तुझ्यापुढे जे ठेवलं होतं ते उचलून नेतोय, रागावू नको.

*

पुढच्या एकादशीला त्यांनी कीर्तन लावलं. उपरणं, पगडी, चिपळ्या, सगळं रीतसर. नमन झालं. मग त्यांनी पोरांना उठवलं आणि देवाकडे तोंड, श्रोत्यांकडे पाठ करून बसवलं.

"आज आख्यान तुम्ही सांगायचं," ते श्रोत्यांना म्हणाले. "मी नुसता नमन करणारा."

त्यांनी षड्ज लावला आणि त्यावर एकेका पोराचं नाव घेतलं. सोहम. रेणू. बंदरावरची तबस्सुम. सावंतांची जुळी. लांबवून, आळवून, जसं देवाचं नाव घेत तसं. एकही मान वळली नाही. पोरांनी समईच्या वातीकडे बघत जांभया दिल्या.

"विलास, आता तू."

"मी काय करू बुवा?"

"हाक मार तुझ्या पोराला. मारतोस तशीच."

विलास उभा राहिला. त्याचा आवाज गुरवाचा, आरतीत घंटेच्या वर जाणारा. "सोहम," तो म्हणाला. सोहम बोटाने फरशीवर काहीतरी काढत होता. "सोहम. अरे सोहम." विलासचा आवाज फाटत गेला, आणि फाटून थोडा वर चढला, तेव्हा पोराने कान टवकारले आणि इकडेतिकडे बघितलं, उजवीकडे, डावीकडे, आवाज कुठून आला ते न कळून. मग बापाला बघून त्याने पटकन गाल हाताने झाकला.

विलास खाली बसला. गुडघ्यात डोकं घातलं त्याने.

त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. एकेक बाप उठला. कुणी एकदाच हाक मारली, कुणी पुन्हापुन्हा. शेवटी शाल्मली हलक्या आवाजात म्हणाली, "पोरांनो, प्रसाद." सगळी पोरं एकदम वळली, आणि आपल्यामागे आयाबाया का रडतायत ते त्यांना कळेना.

सदूने पेटीचा भाता बंद करून खटका लावला.

रव्या मोकळ्या सोडायचा ठराव झाला. विरोध कुणी केला नाही. हेरंब जोशी नावाचे एक म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणाले, "बुवा, मग आता कीर्तन?"

"देवाला आपण खूप ऐकवलं," बुवा म्हणाले. "आता जरा गप्प बसू."

*

रव्या सुटल्या त्या सकाळी सड्याने सात वर्षांनी आपला आवाज ऐकला. तो सुरेल नव्हताच आता. वाऱ्याच्या झोताबरोबर वर जाई, घसरे, एकीचा सूर दुसरीच्या सुरावर आदळून घुंव घुंव करी. कुत्री विव्हळली. बायकांच्या कपाळात कळा निघू लागल्या. संध्याकाळचे दिवे मंद झाले. सदूची एक टाकी कोरडी पडली आणि दुपारच्या होड्या दुसऱ्या बंदराला लागू लागल्या.

देवळात आरती टाळ्यांवर होऊ लागली, सुराशिवाय. एकदोनदा बुवांनी प्रयत्न केला, पण पायाखालून सरकणाऱ्या वाळूवर कुणी किती वेळ उभं राहणार? पगडी त्यांनी शाल्मलीकडे ठेवून द्यायला दिली. पेटी सदूकडेच राहिली, आणि सदू ओटीवर यायचा बंद झाला. वाटेत भेटले तर तो हात वर करायचा. बोलत नसे.

बुवा रेणूशी समोर बसून बोलायला शिकले. ओठ सावकाश हलवायचे, आवाज ओढून वर न्यायचा. दिवसअखेर घसा सोलवटून जायचा. "आजोबा, तुम्ही माझ्याशीच का असं बोलता?" ती विचारायची, आणि ते म्हणायचे, "तू स्पेशल आहेस ना."

सदूला नातू झाला. बारशाला बुवा बायकांच्या मागे उभे राहून अक्षता टाकून आले. पुढे काही महिन्यांनी एका दुपारी सदू स्वतः ओटीशी आला. बसला नाही.

"पोर राहत नाही," तो म्हणाला. "दात येतायत. सून रात्रभर जागी आहे, आता तिचाही डोळा लागलाय. आमची कुणाची मात्रा चालत नाही." मग दुसरीकडे बघत म्हणाला, "चला जरा."

रेणू बोट धरून बरोबर गेली. सदूच्या पडवीत पाळणा टांगला होता आणि आत ते पोर लालबुंद होऊन रडत होतं. बाहेर कारखान्याच्या रव्या आपापल्या चालीने घरघरत होत्या. बुवांनी पाळण्याची दोरी धरली. आवाज लागला नाही पहिल्यांदा. खाकरून त्यांनी पुन्हा लावला. तो काळी एक नव्हता, पांढरी एकही नव्हता, दोहोंच्या मधे कुठेतरी डळमळत होता. त्यावर त्यांनी रामाचा पाळणा धरला.

पोर हुंदक्यावर अडकलं. त्याने मान वळवली, सरळ बुवांकडे, आणि डोळे मोठे करून बघत राहिलं. मग ओठ हलले, जांभई आली. सदू खांबाला टेकून उभा होता. त्याची बोटं खांबावर पेटीच्या पट्ट्या शोधत होती.

रेणू पाळण्याच्या काठाला हनुवटी टेकून सगळं बघत होती. तिने बाळाकडे बघितलं, आजोबांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघितलं, मग सदूकडे वळून विचारलं, "हा एकदम गप्प कसा झाला? कुणी काहीच केलं नाही."

सदू तिच्यासमोर उकिडवा बसला. तिला ऐकू जावं म्हणून त्याने आपला भारदस्त आवाज बारीक केला, बाईसारखा.

"वाऱ्याने निजला गो," तो म्हणाला.

रेणूने मान हलवली. तिला ते पटलं. बुवा गात राहिले.